बसलेले दुकान कशावर उठते?



व्याख्यानमालेत दुकानदारीचा विषय घेणे थोडे धाडसाचेच आहे. वसंतातल्या अशा संध्याकाळी श्रोते जमतात ते संतवाङ्मय ऐकायला, इतिहास ऐकायला, फार तर राजकारणावर कोणी चार खडे बोल सुनावणार असेल तर ते ऐकायला. किराणा, कापड, खत-बियाणे, चहाची टपरी, पंक्चरचे दुकान, हा काय बोलण्याचा विषय झाला, असे पुष्कळांना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. गावातले एक दुकान कायमचे बंद झाले की त्याबरोबर एका घराची मिळकत जाते, हाताखालच्या एका पोराची रोजी जाते आणि शेपन्नास घरांना अडीअडचणीला मिळणारे उधार सामान जाते. हा प्रश्न जितका पैशाचा, तितकाच गावच्या संसाराचा आहे.

आता हा विषय शहागडातच का, तेही सांगतो. शहागड हे गोदावरीच्या उत्तर तीरावरचे गाव. धुळे-सोलापूर महामार्ग येथे नदी ओलांडतो. पुलाच्या अलीकडे जालना जिल्ह्याचा अंबड तालुका, पलीकडे बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका. अशा गावच्या दुकानाला एक धनी नसतो, तीन असतात. पहिले शिवार, कापूस, ऊस, मोसंबी यांचे पैसे आले की दुकान चालते. दुसरा रस्ता, जाणारी-येणारी गाडी थांबली की चहा, जेवण, टायर यांचा धंदा होतो. आणि तिसरे नदीपलीकडचे गिऱ्हाईक. एरवी हे तीन धनी म्हणजे तीन आधार. एक रुसला तर दुसरा सांभाळून घेतो.

परंतु २०२० च्या मार्चात तिघेही एकाच आठवड्यात गेले. २३ मार्चला राज्य सरकारने जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या आणि २५ मार्चपासून सारा देशच बंद झाला. जिल्ह्याची सीमा बंद होणे याचा अर्थ मुंबईकराला कदाचित नकाशा पाहून समजेल. ज्याचे अर्धे गिऱ्हाईक पुलापलीकडे राहते, त्याला तो सकाळी दुकानाच्या दारात उभे राहूनच समजतो. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायला लागणारा परवाना सुटला तो सप्टेंबर २०२० मध्ये. तेवढ्यात जरा श्वास घ्यावा, तर एप्रिल २०२१ मध्ये किराणा-औषधांखेरीज बहुतेक दुकाने पुन्हा बंद झाली.

श्रोतेहो, दुकानाला आग लागते तेव्हा काय होते याचा विचार करा. माल जळतो, फळ्या जळतात. पण गिऱ्हाईक तसेच असते, ठोक व्यापारी तसाच असतो, लोकांच्या हातात पैसा असतो. चार माणसे धावून येतात आणि सहा महिन्यांत दुकान उभे राहते. आर्थिक उलथापालथीत याच्या नेमके उलटे होते. माल जागच्या जागी शाबूत असतो, फळीवर धूळ खात; आणि त्या मालाला हलवणारे सगळे थांबलेले असते. गिऱ्हाइकाने दुकानदाराचे थकवलेले असते, दुकानदाराने ठोक व्यापाऱ्याचे, ठोक व्यापाऱ्याने बँकेचे. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि प्रत्येकाचे खरेही असते. म्हणून अशा वेळी केवळ भांडवल ओतून दुकान उठत नाही. मग ते कशावर उठते? आमचे उत्तर असे आहे की ते पतीवर उठते. आणि पत म्हणजे दोन्ही बाजूंना वाचता येईल अशी वही. आज आम्हांला एवढेच सांगायचे आहे. बाकी सगळा त्याचा विस्तार.

मराठवाड्याच्या बाजारपेठेने असे धक्के पूर्वीही पाहिले आहेत. हा मुलूख हैदराबाद संस्थानात असताना येथे हाली शिक्का चालत असे. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले. पुढे १९५० पासून भारतीय रुपया आला आणि १९५९ मध्ये हालीचे चलन कायमचे संपले. मधली काही वर्षे दोन्ही नाणी शेजारी शेजारी चालत होती. हालीचे सात रुपये म्हणजे कलदार सहा, असा भाव होता. एखाद्याकडे शंभर रुपये येणे आहे म्हटले, तर ते हाली की कलदार, एवढ्या एका शब्दावर चौदा-पंधरा रुपयांचा फरक पडे. ज्याच्या वहीत तो एक शब्द लिहिलेला होता त्याचा तंटा झाला नाही. नाणे बदलले, राज्य बदलले. वही नीट होती तिथे व्यवहार पार पडला.

१९७२ चा दुष्काळ याहून भयंकर. पिके गेली, गुरे गेली. तरी बाजार अगदीच मेला नाही, याचे कारण दुष्काळी कामे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात या कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. खडी फोडणाऱ्या हातांत मजुरी पडत होती आणि ती मजुरी बाजारात येत होती. दुकान चालायला गिऱ्हाईक श्रीमंत असावे लागत नाही. त्याच्या हाती थोडा पण नेमाने पैसा यावा लागतो, हा धडा त्या वर्षाने दिला.

नोव्हेंबर २०१६ ची गोष्ट तर आपल्यापैकी सर्वांनीच पाहिली आहे. ८ तारखेच्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. किमतीने पाहिले तर चलनातला सुमारे शेकडा ८६ भाग एका रात्रीत गेला. दिवस कापसाच्या वेचणीचे. आणि १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्याची मनाई झाली. शेतकऱ्याचे खाते बहुधा तिथेच. तेव्हा खेड्यातला व्यवहार काही आठवडे चालला तो उधारीवर, म्हणजे एकमेकांच्या शब्दावर. सरकारी नोट अडली त्या वेळी दुकानदाराची वहीच गावचे चलन झाली.

येथे कोणी विचारील की उधारीची एवढी थोरवी गाता, तर उधारीनेच माणसे बुडाली नाहीत का? बुडाली. म्हणून दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. त्याच साली, १२ मे रोजी, त्याच पुणे जिल्ह्यात सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेला. दंगे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत पसरले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की माणसे मारण्याचे प्रकार फारसे झाले नाहीत. जमावाचा रोख होता तो खते, रोखे आणि वह्या यांवर. ते बाहेर काढून त्यांची होळी केली गेली.

त्याची मुळे सातासमुद्रापार होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला, शेतकऱ्यांनी कर्जे उचलली. युद्ध संपले, भाव कोसळला. त्यात सरकारने शेतसारा वाढवलेला. सावकाराने हात आखडला आणि जुने रोखे पुढे केले. शेतकऱ्याने घेतले किती, फेडले किती, व्याज किती चढले, हे लिहिलेले होते. पण ते एकाच्याच घरात आणि एकालाच वाचता येईल असे. जी वही आपल्याला वाचता येत नाही तिचा धाक वाटतो आणि धाक असह्य झाला की माणूस ती जाळतो. पुढे १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात सावकाराने पैसे मिळाल्याची पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, अशी बंधने घातली गेली. म्हणजे राज्यकर्त्यांनाही दंग्यानंतर उमगले ते हेच, की हिशेब दोन्ही घरांत असला पाहिजे.

आता आजच्या दुकानाकडे येऊ. समजुतीसाठी आपण मनानेच एक कापडाचे दुकान मांडू. फळीवर तीन लाखांचा माल आहे. गिऱ्हाइकांकडे एक लाख वीस हजार येणे आहे. ठोक व्यापाऱ्याचे एक लाख ऐंशी हजार देणे आहे. वजाबाकी केली तर दुकानदाराचे स्वतःचे दोन लाख चाळीस हजार निघतात. दुकान पाच महिने बंद राहिले. गाळ्याचे भाडे, वीज, नोकर, कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला बारा हजार, म्हणजे साठ हजार गेले. लग्नसराई हुकल्यामुळे एक लाखाचा माल शिळा झाला. त्याचे आता पन्नास हजारच येतील. येण्यापैकी चाळीस हजार बुडाल्यात जमा. एकूण दीड लाखाची तूट. म्हणजे हाती उरले नव्वद हजार, आणि तेही रोकड नव्हे, माल आणि उधारी या रूपात.

धक्क्यानंतर दुकानदाराचे पहिले काम कोणते? तर हा नव्वद हजारांचा आकडा स्वतःशी कबूल करणे. हे फार कठीण असते. मनात तो अजून दोन लाख चाळीस हजारांचाच मालक असतो. त्याच भ्रमात तो दोन लाखांचे नवे कर्ज काढतो आणि फळ्या पहिल्यासारख्या भरतो. कारण रिकामी फळी दिसली की लोक काय म्हणतील, ही लाज. परंतु दुकान फळीवरच्या मालावर जगत नाही, फिरणाऱ्या मालावर जगते. पन्नास हजारांचा माल महिन्यातून एकदा फिरला आणि शेकडा दहा सुटले, तर वर्षाचे साठ हजार होतात. दीड लाखाचा माल वर्षातून एकदाच फिरला, तर शेकडा वीस सुटूनही तीस हजारच पदरात पडतात. म्हणून शिळा माल येईल त्या भावाने काढावा, त्याची रोकड करावी आणि चार जिन्नस का होईनात, रोज खपणारे ठेवावेत. अर्धी फळी रिकामी असलेले चालते दुकान हे गच्च भरलेल्या बसल्या दुकानापेक्षा बरे.

दुसरे काम उधारीची निवड. सगळी उधारी एकाच तागडीत तोलू नये. काहीजण आज देऊ शकतात. त्यांच्याकडे संकोच न धरता जावे. काहीजण सुगीला देतील. त्यांच्याकडून तारीख घ्यावी आणि त्यांच्यासमोर ती लिहावी. आणि काहींना देणे शक्यच नाही. घरात आजारपण झाले, बाग वाळली. २०१२-१३ च्या दुष्काळात या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या होत्या. नव्या झाडाला फळ धरायला वर्षे लागतात, हे शहागडला सांगायला नको. अशा माणसामागे तगादा लावला तर तो काय करतो? पैसे देत नाही, रस्ता बदलतो. तुमच्या दुकानावरून जायला नको म्हणून मागल्या गल्लीतून जातो आणि मीठसुद्धा दुसरीकडून घेतो. दुकानदाराची बाकीही गेली आणि गिऱ्हाईकही गेले. त्यापेक्षा जुनी बाकी एका पानावर थांबवावी, त्याचे पान त्याला उतरवून द्यावे आणि सांगावे, “हे राहू द्या, आजपासून जे न्याल ते रोखीने न्या.” माणूस पुन्हा दारात येऊ लागतो. जो दारात येतो तो केव्हातरी फेडतो.

तिसरे काम वरच्या बाजूचे. ज्या ठोक व्यापाऱ्याचे आपण देणे लागतो त्याच्या माणसाने येण्याआधी आपण त्याच्याकडे जावे. वही घेऊन जावे. एवढा माल आहे, एवढे येणे आहे, दरमहा एवढेच देता येतील, हे उघड सांगावे. रक्कम लहान ठरली तरी चालेल, तारीख मोडता कामा नये. मोंढ्यातला व्यापारी मोठ्या वायद्यांना भुलत नाही. ठरलेल्या दिवशी आलेले दोन हजार त्याला न आलेल्या वीस हजारांपेक्षा प्रिय असतात.

कर्जाविषयी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. २०२० साली रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळातले हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. पुष्कळांनी तिचा अर्थ माफी असा घेतला. ती माफी नव्हती. व्याज चालूच होते. एक लाखावर शेकडा बाराने सहा महिन्यांचे सहा हजार होतात. ते कुठेही जात नाहीत, पुढच्या हप्त्यांत येऊन बसतात. व्याजावरचे व्याज नंतर सुटले, मूळ व्याज सुटले नाही. म्हणून कर्ज घ्यावे ते फिरणाऱ्या मालासाठी. जुनी तूट झाकायला घेतलेले कर्ज हे खड्ड्यावर अंथरलेल्या सतरंजीसारखे असते.

त्याच वर्षी लहान उद्योगांना आधार म्हणून तीन लाख कोटींची कर्जहमी योजना निघाली. योजना मोठी होती. तिच्यातून, २९ फेब्रुवारी २०२० रोजी बँकेचे जेवढे कर्ज शिल्लक असेल, त्याच्या शेकडा वीस इतके जादा कर्ज मिळे. आता पाहा, ज्याचे बँकेत कर्जच नव्हते, जो आयुष्यभर स्वतःच्या पैशावर आणि व्यापाऱ्याच्या शब्दावर दुकान चालवत आला, त्याच्या शून्याचे शेकडा वीस किती होणार? प्रामाणिक माणूस कागदावर नव्हता म्हणून मदतीला मुकला. शहरांतल्या फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये जी योजना आली तिची रचना निराळी होती. आधी दहा हजार. ते वेळेवर फेडले की वीस, ते फेडले की पन्नास हजार. तारण नाही, फेडीची नोंद हेच तारण. लहान माणसाची पत पायरीपायरीने अशीच वाढते.

मालमत्ता नसताना पत कशी उभी राहते याची उदाहरणे आपल्याच महाराष्ट्रात आहेत. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालत. गिरणीत संप झाला की कामगाराची बाकी अडके, आणि वाण्याचे व्याज मात्र खानावळवालीच्या डोक्यावर चढत राही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. एकमेकींच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज या बायकांना मिळू लागले आणि त्यांनी ते फेडून दाखवले. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवड येथे, चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली महिलांची सहकारी बँक निघाली. सभासद बायका निरक्षर म्हणून परवाना प्रथम नाकारला गेला होता. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, हिशेब तोंडी सांगून दाखवला आणि परवाना मिळवला. सुप्याला जी वही वाचता येत नव्हती म्हणून जळाली, ती म्हसवडच्या बायकांनी वाचायला शिकून घेतली. शंभर-सव्वाशे वर्षांत महाराष्ट्र एवढा पुढे आला, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

आज तर वही खिशात आली आहे. फोनवरून दिलेला-घेतलेला प्रत्येक रुपया दोन्हीकडे नोंदला जातो. तरुण दुकानदारांना आमचे सांगणे आहे की त्याला केवळ सुट्ट्या पैशांची सोय समजू नका. वर्षभराची ती नोंद म्हणजे बँकेला दाखवता येईल असा तुमच्या दुकानाचा पुरावा आहे. लहान उद्योगाची सरकारी नोंदणी फुकट होते. ती करून ठेवा. पुढचा धक्का केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही. पण तो येईल तेव्हा आपण कागदावर असले पाहिजे.

शेवटी गिऱ्हाइकांसाठी, म्हणजे आपणा सर्वांसाठी, दोन शब्द. हातात रोकड आली की आपण संभाजीनगरची वाट धरतो, नाहीतर घरबसल्या फोनवरून माल मागवतो, आणि हात रिकामा झाला की गावातल्या दुकानदाराला म्हणतो, “लिहून ठेवा.” रोख परक्याला आणि उधार घरच्याला, या रीतीने कुठले दुकान टिकेल? घरी माल पाठवणारी मोठी कंपनी स्वस्त देते, हे खरे. पण मयताच्या रात्री तिचे दार ठोठावता येत नाही, आणि कापूस विकल्यावर देतो म्हटले तर ती ऐकत नाही. गावच्या दुकानाच्या भावात ही सोयही धरलेली असते. ज्याला ती हवी आहे त्याने निम्मी रोखीची खरेदी तरी गावात करावी, आणि पिकाचे पैसे आले की पहिली चक्कर जुन्या बाकीसाठी मारावी.

दिवाळीच्या पाडव्याला आपले व्यापारी नवी वही उघडतात, तिला हळदकुंकू वाहतात. आमची एक सूचना आहे. येत्या पाडव्याला पूजा झाली की दुकानदाराने प्रत्येक बाकीदाराला त्याच्या पानाची नक्कल द्यावी, आणि बाकीदाराने ती वाचून, चूक असेल तर तिथेच सांगून, खाली सही करावी. खर्च काही नाही, एक संध्याकाळ जाईल. शहागडच्या दहा दुकानांनी हे केले तरी आजचे बोलणे वाया गेले नाही असे आम्ही समजू.